सेवेला निघालोय, पण मैत्रीचं काय?

वाचकाचा प्रश्न: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतली (चर्चमधली) 24 वर्षांची वाचक लिहिते. गेल्या वर्षी ती तरुण संघाबरोबर नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका गावी मिशन ट्रिपला गेली होती. मुलांसाठी व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), आरोग्य तपासणीचं शिबिर, प्रार्थनामंदिराची रंगरंगोटी, संध्याकाळी भजनं. शेवटच्या रात्री सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, ‘आता आपण एक कुटुंब’ म्हणाले. परतल्यावर महिनाभरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सकाळची वचनं तेवढी उरली. ती मुळात कमी बोलणारी. चारचौघांत साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा म्हटलं की तिचा घसा कोरडा पडतो. यंदा टीम मेळघाटात जाणार आहे. तिला जायचंय, पण पुन्हा सगळं वरवरचंच होणार असेल तर नको, असंही वाटतं. शिवाय मैत्रीची आस धरून सेवेला जाणं स्वार्थीपणाचं आहे का, हेही तिला विचारायचं आहे. पत्राच्या शेवटी एक गोष्ट जाता जाता आली आहे. गेल्या वर्षी मुली ज्या घरी उतरल्या होत्या, तिथल्या तिच्याच वयाच्या मुलीचे नंतर मेसेज आले. एकात ‘परत कधी येणार?’ असं होतं, तर एकात मोबाईलच्या रिचार्जसाठी पैसे मागितले होते. काय लिहावं ते सुचेना म्हणून हिने उत्तरच दिलं नाही.

प्रिय मुली,

सलाम.

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तू अगदी शेवटी लिहिला आहेस. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी स्वार्थीपणाचा प्रश्न मिटवू, कारण ती बोच मनात राहिली तर पुढचं काहीच मोकळेपणानं करता येणार नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढून बघ. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचं बोलणं आहे ते. गालीलापासून यरुशलेमेपर्यंत आपल्याबरोबर पायी हिंडलेल्या माणसांना प्रभू सांगतो, की यापुढे मी तुम्हांला दास म्हणत नाही, मी तुम्हांला मित्र म्हटलं आहे. ज्याने त्यांना सेवेला बोलावलं, त्यालाच त्यांची मैत्री हवी होती. तेव्हा तुला ती हवीशी वाटली तर त्यात अपराध वाटून घेण्यासारखं काही नाही. टीममधल्या बाकीच्यांनाही ती हवीच असते. तू ते कागदावर लिहिलंस, एवढाच फरक.

आता तुझ्या पत्रामागे एक समजूत दिसते, तिच्याबद्दल बोलू. मैत्री घट्ट व्हायची तर मन उघडून खूप बोलावं लागतं, आणि आपल्याला ते जमत नाही म्हणून आपण मागे राहतो, असं तू धरून चालली आहेस. मग मला सांग, शेवटच्या रात्री जे भरभरून बोलले, रडले, त्यांची तरी मैत्री टिकली का? तूच लिहितेस की नाही टिकली. म्हणजे अडचण तुझ्या अबोलपणात नसावी.

त्या रात्रीचं रडणं खोटं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. थकलेली शरीरं, निरोपाची वेळ, एकत्र म्हटलेली गीतं, यांनी मन भरून येतंच. पण त्या सगळ्या दिवसांत टीममधल्या कुणाला कुणाची गरज पडली होती का, हे आठवून बघ. मिशन ट्रिपला आपण सगळे देणारे म्हणून जातो. औषधं द्यायची, गोष्टी सांगायच्या, भिंती रंगवायच्या, साक्ष द्यायची. दिवसभर देणाऱ्याच्या भूमिकेत वावरलेली माणसं संध्याकाळी एकमेकांसमोरही तशीच बसतात. मला झोप येत नाहीये, मला घरची काळजी लागली आहे, मला इथं भीती वाटते, हे कुणी बोलत नाही. ज्याला आपली काही गरजच नाही, त्याच्याशी मैत्री जडायची तरी कुठून?

आणखी एक कारण आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यांना ते माहीत असतं, पण त्यावर बोलणं होत नाही. गोलात बसून सांगितलेला ‘प्रार्थनेचा विषय’ कधी कधी आपण घरी पोहोचायच्या आत आईच्या कानावर गेलेला असतो. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा भाऊ पितो, कुणाची नोकरी गेली, हे ‘प्रार्थना करा हं’ असं म्हणत म्हणत चार घरं फिरतं. म्हणून शहाणी मुलं गोलात बसली की परीक्षा आणि आजोबांचं गुडघेदुखणं एवढेच विषय सांगतात. यात मुलांना दोष देता येत नाही. दहा-पंधरा जणांचा गोल ही मन मोकळं करायची जागाच नव्हे. प्रभूनेसुद्धा आपल्या बारा शिष्यांना दोघादोघांच्या जोड्या करून पाठवलं होतं.

तेव्हा यंदा निघण्याआधी टीम लीडरांना एक विनंती कर. कामाच्या जोड्या पहिल्या दिवशीच ठरू देत, मुलींबरोबर मुली आणि मुलग्यांबरोबर मुलगे, आणि त्या शेवटपर्यंत बदलू नयेत. एकाच मुलीबरोबर सकाळी पाणी आणायचं, तिच्याबरोबरच घरभेटींना जायचं, संध्याकाळी तिच्याबरोबर भांडी घासायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा वैताग दिसेल, तुझाही तिला दिसेल. तिथून पुढे जे बोलणं होतं त्यात तुझ्यासारखी कमी बोलणारी मुलगी मुळीच मागे पडत नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला. का, तर तिघांचा धंदा एक होता, राहुट्या शिवण्याचा. एकत्र बसून शिवण चालायची. पुढे पौल निघाला तेव्हा ते जोडपंही त्याच्याबरोबर इफिसापर्यंत गेलं. हातात काम असलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही, आणि अबोल माणसाला तेवढी सवलत पुरते.

प्रवासाचंही तसंच आहे. नगरहून अमरावती, तिथून परतवाडा, मग वर चढणारा घाट. तास न् तास एकाच बाकावर काढायचे असतात आणि बहुतेक टीम ते अंताक्षरीत आणि फोनवर घालवतात. तू शेजारच्या मुलीला तिच्या आवडीच्या गोष्टीबद्दल विचार. नारायण वामन टिळकांची आगगाडीतली गोष्ट आपल्या मंडळ्यांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. 1890च्या दशकात ते राजनांदगावला चालले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना आदराने जागा करून दिली आणि संस्कृत काव्याबद्दल बोलणं काढलं. टिळक कवी, तो त्यांच्या जिवाचा विषय. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, हे आपण आवर्जून सांगतो. पण त्याआधी तो त्यांच्या आवडीबद्दल बोलत आणि ऐकत बसला होता, हे सांगायला विसरतो. 1895 साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आणि टीममध्ये भांडण झालं तर घाबरून जाऊ नकोस. मिशन ट्रिपमध्ये भांडण म्हणजे साक्ष बिघडली, असं समजून मुलं राग गिळतात आणि परतल्यावर एकमेकांना टाळत राहतात. पौल आणि त्याचा सेवेतला सोबती बर्णबा यांच्यात योहान मार्क या तरुण सहकाऱ्यावरून इतका वाद झाला, की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. पहिल्या फेरीत मार्क अर्ध्यातून परत गेला होता, म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला तयार नव्हता. हे पवित्र शास्त्रात झाकलेलं नाही. पुढचंही वाच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, तुरुंगातून, तोच पौल सांगतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. त्याच दमात तो त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला आपला झगा मागतो, पुस्तकं मागतो, हिवाळ्याआधी ये म्हणून गळ घालतो. इतक्या मंडळ्या उभ्या करणारा माणूस उबदार कपडा मागतोय, आणि ज्याला एकदा नाकारलं त्याचीच गरज आहे असं मोकळेपणानं लिहितोय. मला तो अध्याय मैत्रीवरचा फार मोठा धडा वाटतो. तुझ्या जोडीदारणीला तू काय मागू शकतेस, हे त्या आठवड्यात रोज मनात असू दे. मागणं छोटं असलं तरी चालेल. ‘उद्या मला साक्ष द्यायची आहे, धडधडतंय, तू माझ्या शेजारी बसशील?’ एवढंही पुरे.

आता त्या मुलीबद्दल.

तू लिहितेस की गेल्या वर्षी तुला खरी मैत्रीण मिळाली नाही. आणि त्याच पत्रात अशी एक मुलगी आहे, जिने तुम्हांला घरात जागा दिली, भाकरी करून वाढली, आणि महिनोन् महिने तुझी आठवण ठेवली. तिला तू मैत्रिणींत धरलंच नाहीस. ती तुझ्या लेखी ‘तिथली मुलगी’ राहिली, जिच्यासाठी आपण गेलो होतो त्या लोकांपैकी एक. हे तुला टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही. या चुकीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. 1910 साली एडिंबरा इथं जगभरातल्या मिशनऱ्यांची परिषद भरली होती. तिथं वेदनायकम सॅम्युएल अझरिया हे तमिळ सेवक बोलायला उभे राहिले. पुढे 1912 मध्ये ते दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चमधले पहिले भारतीय बिशप. त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायाचे शब्द घेऊन मिशनऱ्यांना सांगितलं, की तुम्ही तुमचं धन गरिबांना खाऊ घालण्यासाठी दिलंत, तुमची शरीरं जाळण्यासाठी दिलीत. आम्ही प्रेमही मागतो, आम्हांला मित्र द्या.

हे परदेशी मिशनऱ्यांना उद्देशून होतं. पण आज नगर-पुण्याहून टीशर्ट घालून, औषधांची खोकी घेऊन आपण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात उतरतो, तेव्हा तिथल्या माणसांच्या नजरेला आपण कसे दिसत असू? शिवाय नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर-चिंचपाड्याच्या बाजूला तर कित्येक पिढ्यांच्या मंडळ्या आहेत. विश्वासाच्या बाबतीत आपणच तिथं काही पोहोचवायला जातो असं समजायचं कारण नाही. प्रभूने लूकच्या दहाव्या अध्यायात पाठवलेल्यांना थैली नेऊ नका, झोळी नेऊ नका, मिळेल ते खा, एकाच घरी राहा, घरोघर फिरू नका, असं बजावलं होतं. गावात पाऊल टाकताच त्यांना यजमानाची गरज पडणार होती. आपण मात्र बिस्लेरीच्या बाटल्या आणि फरसाणाची पाकिटं घेऊन जातो आणि वर्षागणिक गाव बदलतो.

तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघेही डॉक्टर, प्रभूच्या सेवेसाठी आलेले. गावकऱ्यांची पहिली गरज डॉक्टर नव्हतीच, त्यांना पाणी आणि अन्न हवं होतं; आरोळ्यांनी ते ऐकून घेतलं. वेगवेगळ्या जातींची माणसं एका जागी बसत नव्हती, तर व्हॉलीबॉलचे खेळ सुरू झाले. खेळ संपल्यावर गप्पा, गप्पांतून शेतकरी मंडळं, आणि त्यातून पुढचं सगळं काम. त्यांच्या कामाला पुढे मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो 1979 साली. चेंडूपासून पुरस्कारापर्यंत मधे वर्षं गेली, आणि ती सगळी त्याच गावांमध्ये गेली, हे मला तुला सांगायचं आहे.

रिचार्जच्या मेसेजने तू बिचकलीस, हे मी समजू शकते. ‘हिला माझी मैत्री हवी आहे की पैसे?’ असं मनात आलं असेल. पण नगरमधली तुझी मैत्रीण ‘अगं, रिचार्ज मारतेस का, पगार झाला की देते’ असं म्हणते, तेव्हा तू असा हिशेब करतेस का? डोंगरातल्या पाड्यावर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, आणि तुझ्याशी बोलायलाच रिचार्ज लागतो. कदाचित तिनं एवढ्यासाठीच मागितला असेल, कदाचित वेगळी नड असेल. तुला द्यायचा असेल तर दे, द्यायचा नसेल किंवा जमत नसेल तर ‘या महिन्यात मला नाही जमणार गं’ असं सरळ लिही. मैत्रिणीला नाही म्हणता येतं. काहीच उत्तर न देणं मात्र तिला फार लागलं असेल. मोठी रक्कम, कर्ज, शिक्षणाचा खर्च असं काही पुढे आलं, तर एकटीनं कबूल होऊ नकोस. दोन्हीकडच्या पाळकांना विचारून ठरव. इतरही वाचकांना हा प्रश्न पडतो म्हणून स्पष्ट लिहिते: ट्रिपच्या शेवटी गावातल्या कुणालाही ‘आम्ही पुन्हा येऊ’ असं सांगू नका. परत येणं ठरवणारे तुम्ही नसता, आणि ऐकणारा माणूस ते खरं मानून वाट बघतो. त्याऐवजी फोन नंबर द्या आणि फोन आला की उचला.

आता यंदाच्या ट्रिपचं. तुझ्यापुढे तीन वाटा दिसतात. न जाणं, मेळघाटला जाणं, किंवा टीमने पुन्हा नंदुरबारच्याच गावी जावं असा आग्रह धरणं. मनापासून विचारशील तर मला तिसरी वाट सगळ्यात योग्य वाटते. दरवर्षी नवं गाव म्हणजे दरवर्षी नव्याने ओळखपाळख, आणि ओळखीच्या पुढे जायला वेळ उरतच नाही. त्याच गावी तिसऱ्या वर्षी गेलेल्या टीमला कुणाचं बाळ वारलं, कुणाची म्हैस व्याली, हे सांगावं लागत नाही, माहीत असतं. पण तयारी झाली असेल, मेळघाटातल्या मंडळीला शब्द दिला असेल, तर तो मोडायला सांगणार नाही मी. बैठकीत पुढच्या वर्षासाठी हा विषय मांड. मांडताना तारखांचाही विचार करायला सांग. सातपुड्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. आपल्या सोयीने नाताळच्या सुट्टीत गेलं तर निम्मी घरं बंद असू शकतात. तारखा तिथल्या मंडळीने सांगाव्यात आणि आपण रजा काढाव्यात.

आणि मेळघाटला तू जा. तिथं कोरकू लोकांची वस्ती आहे. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली, तिचं मराठीशी नातं नाही. म्हणजे पुष्कळ म्हाताऱ्या बायांशी बोलताना टीममधल्या बोलक्या मुलींचीही बोलती बंद होणार. अशा ठिकाणी लहान मुलीजवळ बसून ‘याला काय म्हणतात?’ असं विचारत एकेक शब्द शिकणारी, चुकली की हसू देणारी मुलगी लोकांना जवळची वाटते. ज्या घरी उतरशील तिथं चुलीपाशी बस. कुटकी कशी कांडतात, मक्याची भाकरी कशी थापतात, ते शिकवायला सांग. पहिल्या दिवशी तुझी भाकरी तुटेल, तुटू दे. मुलांचे फोटो काढत सुटू नकोस; काढलाच तर त्यांच्या आईला विचार, आणि स्टेटसला ठेवू नकोस. ज्याची माया लावून घ्यायची त्याचं प्रदर्शन मांडू नये, असं मला फार वाटतं.

टीममधल्या मुलग्यांशी मैत्री असावी का, हे तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या वयाचे वाचक विचारतात. असावी, आणि सगळ्यांच्या देखत असावी. गावातल्या लोकांच्या रीतीभाती तुमच्या कॉलेजसारख्या नाहीत. एकांतात गप्पा मारत बसलेल्या जोडीमुळे यजमान कुटुंबालाच बोल लागतो.

परत आल्यावर अख्ख्या ग्रुपला जिवंत ठेवायचा खटाटोप करू नकोस. एक जोडीदारीण आणि एक यजमान घर, एवढंच धर. रविवारी उपासनेनंतर जोडीदारणीबरोबर चहाला थांब. यजमान घरी महिन्यातून एकदा फोन कर, आणि आपल्या सेवेचं सांगण्याआधी त्यांच्याकडचं विचार: पाऊस, पीक, आजारपण. तुझ्या घरी काही बिनसलं असेल तर तेही त्यांना सांग आणि तुझ्यासाठी प्रार्थना करायला सांग. त्यांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी, हे मागायला आपल्याला का सुचत नाही, याचा विचार तुमच्या टीमने एकदा एकत्र बसून करावा अशी माझी इच्छा आहे.

सातपुड्यातल्या त्या मुलीला मात्र मेळघाटला निघण्याआधीच लिही. लांबलचक माफी नको, तिला ती वाचताना अवघडायला होईल. ‘इतके दिवस उत्तर दिलं नाही, काय लिहावं कळत नव्हतं, माझं चुकलं. यंदा आमची टीम तुमच्याकडे येत नाहीये. तू कशी आहेस? आईचं काय चाललंय?’ इतकं पुष्कळ झालं. पुढे बोलणं सुरू राहिलं, तर उन्हाळ्यात तिला तुझ्या घरी बोलावता येईल का ते बघ. आधी तुझ्या आई-वडिलांशी बोल, मग तुझ्या आईने तिच्या आईशी फोनवर बोलावं. प्रवासाच्या भाड्याचं दोघींनी आधीच मोकळेपणानं ठरवा, म्हणजे तिला संकोच नको. ती आली तर तिला मंडळीपुढे उभं करून साक्ष द्यायला लावू नका. पाहुणी म्हणून राहू दे, तुझ्या मैत्रिणींबरोबर बाजारात हिंडू दे.

मेसेज पोहोचला नाही किंवा नंबर बदललेला असला, तर तिथल्या पाळकांना फोन करून निरोप दे. आणि टीमच्या पुढच्या बैठकीआधी लीडरांना भेटून जोड्यांचं बोलून घे. याद्या एकदा लागल्या की मग कुणी बदलत नाही.